काकूंचा पासवर्ड मिळणार नाही

४ नोव्हेंबर

कॉम्प्युटर बंद पडला. आत पंखा फिरतो, पडदा काळा. यशवंतनी (समोर 'अहो', इथे यशवंत. रोजनिशी माझी आहे) डबा उचलला, रिक्षात घातला आणि स्टेशनजवळच्या दुरुस्तीवाल्याकडे ठेवून आले. मला न विचारता. वर येऊन सांगतात, "परवा मिळेल." नवरे मंडळींना वाटतं, वस्तू घराबाहेर नेली की काम झालं.

संध्याकाळी प्रज्ञाचा मुलुंडहून फोन. बोलता बोलता लेकीला सांगितलं. तिने तिकडचा टीव्ही बंद केला. मग म्हणाली, "आई, तुझी ती फाईल त्यातच आहे ना?"

आहे. समोरच, डेस्कटॉपवर. नाव पण 'किल्ल्या'.

वाट लागली.

५ नोव्हेंबर

सकाळी चहा न घेता दुरुस्तीच्या दुकानात. आमचा कॉम्प्युटर काउंटरवर, दुकानाच्या पडद्याला जोडून चालू. रस्त्याकडे तोंड करून. माझा डेस्कटॉप उघडा, आणि गिऱ्हाइकं तिथे मोबाईलचं कव्हर निवडत उभी. 'किल्ल्या' लांबूनसुद्धा वाचता येत होतं. त्या माणसाचा दोष नाही, त्याने मशीन चालू करून दाखवलं होतं. "आंटी, रॅम ढीली थी. एक बार विंडोज भी मार देता हूँ, शाम को ले जाना." म्हटलं, "नहीं. अभी. जैसा है वैसा."

रिक्षात मांडीवर घेऊन आले. सबंध रस्ता स्वतःला शिव्या.

प्रज्ञा विचारते, लोक तुझ्याकडे पासवर्ड ठेवतातच का? का म्हणजे? किल्ली ठेवतात म्हणून. चाळीत होतो तेव्हापासून अख्ख्या मजल्याच्या जादा किल्ल्या आमच्या दारामागे. माझी टेलिफोन एक्सचेंजमधली ड्युटी पाळीची, दुपारी घरात कोणीतरी हमखास, म्हणून. चाळ पाडली, बिल्डिंग झाली, लिफ्ट आली, नव्या दारामागे पण खिळे मारले. मग हळूहळू एकेक जण पासवर्ड घेऊन यायला लागला. "मीनाताई, हा जरा असू दे तुमच्याकडे, मी विसरते." मी घेत गेले. टाईप करत गेले. बँक, मेल, गॅस, लाईट, पोराच्या शाळेचं ॲप. मला त्यात मोठेपणा वाटायचा, खोटं कशाला बोलू.

किल्ली एक असते, हातात धरता येते, तिची कॉपी काढायला कोणी गेलं तर दिसतं. फाईलचं तसं नाही. त्या काउंटरवर कोणी पेनड्राइव्ह लावला असता तर मला आज पण कळलं नसतं.

७ नोव्हेंबर

प्रज्ञा आली. बरोबर पासवर्ड मॅनेजर. फुकट मिळतो, आपल्याच कॉम्प्युटरवर राहतो, सगळे पासवर्ड एका कुलूपबंद फाईलमध्ये. बाहेरून बघितलं तर नुसती अक्षरांची खिचडी. उघडायला एकच मोठा पासवर्ड, आणि तो विसरलात तर देव पण उघडू शकत नाही. "म्हणजे हरवला की गेला," यशवंत. "म्हणजे चोराचा पण गेला," मी.

प्रज्ञा खुर्चीत बसली आणि भराभर करायला लागली. म्हटलं, "ऊठ." "अगं, मी टाकून देते ना तुझ्यासाठी." "माझ्यासाठी तू काही टाकू नकोस. सांग फक्त, आणि हात मागे ठेव." दोनदा चुकले. तिसऱ्यांदा जमलं. झकास.

मोठा पासवर्ड म्हणजे शब्द नाही, अख्खं वाक्य घ्यायचं. कोणाला सुचणार नाही असं, स्वतःला विसरणार नाही असं. घेतलं. इथे लिहिणार नाही. प्रज्ञाला पण सांगितलं नाही, ती थोडी फुगली. फुगू दे.

जुने पासवर्ड आत हलवताना दोघी हसून हसून... मजल्यावर निम्मे जण रवळनाथ@123, बाकीचे निम्मे जयभीम@14. चोराला काही डोकं चालवायला नको. दारावरचा फोटो बघायचा आणि पासवर्ड टाकायचा. आमच्या घराचा दुसऱ्या निम्म्यात होता. हसणं तिथे थांबलं.

नवीन पासवर्ड मशीन स्वतःच बनवून देतं, वाचता पण येत नाही असा. ब्राउझरमधलं 'सेव्ह करू का?' बंद केलं. जुनी 'किल्ल्या' पुसली. कचऱ्याची टोपली रिकामी केली. प्रज्ञाने त्यावर आणखी काहीतरी फिरवलं, म्हणजे खणून काढता येऊ नये. नव्या कुलूपबंद फाईलची, म्हणजे आता माझी तिजोरी, एक कॉपी पेनड्राइव्हवर, तो कपाटात.

आता सगळ्यांना त्यांचे पासवर्ड परत. आणि सांगायचं, बदला. दुकानात उघडे पडले होते, हे पण सांगायचं. लपवणार नाही.

१० नोव्हेंबर

मला वाटलं, लोक घाबरतील. लोक रागावले. पण फाईल दुकानात उघडी पडली म्हणून नाही. मी पासवर्ड परत करते म्हणून!

समोरच्या कदमबाई: "आमच्यावर विश्वास नाही का तुमचा?" अहो, पासवर्ड तुमचा, ठेवलात तुम्ही, विश्वास माझ्यावर तुमचा. माझा अविश्वास या डब्यावर आहे. पटलं नाही. "इतकी वर्षं किल्ली आहे तुमच्याकडे, कधी काही म्हटलंत?" किल्ली ठेवतेच आहे म्हटलं. पासवर्ड नाही. "म्हणजे आता हिशेबात राहायचं," असं म्हणून दार लावलं. दार लावलं! आमच्या मजल्यावर दिवसा दार लावत नाहीत.

सेक्रेटरी सावंत म्हणाले, सोसायटीच्या ऑफिसमधल्या कॉम्प्युटरवर सगळ्या म्हाताऱ्यांचे एकत्र ठेवू या का, इमर्जन्सीला? म्हटलं, त्यापेक्षा नोटीस बोर्डावर लावा, सगळ्यांना सोयीचं.

घरी येऊन यशवंतना सांगितलं. ते म्हणाले, जरा गोड बोलायचं. गोड बोलूनच तर इतके गोळा झाले.

१३ नोव्हेंबर

सगळे परत गेले. परबकाकू सोडून.

काकू रोज दुपारी आमच्याकडे येतात. चाळीत भिंतीला भिंत होती, आता एक दार सोडून. त्यांना मेल लिहायला मी शिकवलं, त्यांच्या हट्टापायी. घरी लेकाचा लॅपटॉप आहे, तिथे बसत नाहीत. आमच्या कॉम्प्युटरवर एका बोटाने टुकटुक करत बसतात. मी स्वयंपाकघरात. कधी हसतात एकट्याच, कधी नाक ओढतात. काय लिहितात, कोणाला, विचारलं नाही. इतकी वर्षं लोकांचे फोन जोडले. ऐकू आलेलं तिथेच सोडून घरी यायची सवय लागलेली आहे.

त्यांना पण तेच सांगितलं. बदला, स्वतःकडे ठेवा.

"माका आठवाचा नाय गो. तूच ठेव."

"नाही काकू, मी आता कोणाचे ठेवत नाही."

"कोणाचे नको ठेवू. माजो ठेव."

आता याला काय म्हणायचं? शेवटी असं केलं: नवीन पासवर्ड काकूंनीच ठरवला, तिजोरीत काकूंनीच टाईप केला, मी पाठ फिरवून ओट्याशी उभी. पडद्यावर नुसते ठिपके. बाजूला डोळ्याचं चित्र असतं, ते दाबलं की अक्षरं दिसतात. ते पण त्यांना दाखवून ठेवलं.

"झिलाक देव नको. सुनेक नको. कोणाकच नको." म्हणजे मुलाला, सुनेला, कोणालाच देऊ नको.

"आणि मी बघितला तर?"

"तू बघशीत?"

"नाही."

"मग झाला तर."

चहा घेऊन गेल्या.

२ डिसेंबर

सकाळी परबकाकू बाथरूममध्ये पडल्या. अर्धांगाचा झटका. संदेशने आणि यशवंतनी मिळून उचललं, मुलुंडच्या हॉस्पिटलमध्ये नेलं. उजवा हात गेला, वाचा गेली. डॉक्टर म्हणतात, येईल, वेळ लागेल. किती ते सांगत नाहीत.

दुपारी कॉम्प्युटरसमोरची खुर्ची रिकामी. मी उगीच तिथे जाऊन बसले. काही केलं नाही.

५ डिसेंबर

संदेश आला. काकूंचा एकुलता एक. लहानपणी याचा अर्धा अभ्यास आमच्या घरात झालाय. डोळे लाल, दाढी वाढलेली. पोराला चहा दिला.

"मावशी, मेडिक्लेमची कॉपी आईच्या मेलवर आहे. पासवर्ड तुझ्याकडे असतो ना? दे जरा."

मी नाही म्हटलं.

त्याला आधी ऐकूच आलं नाही. मग, "नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. काकूंनी कोणाला देऊ नको म्हणून सांगितलंय."

"कोणाला म्हणजे मला?"

तुझंच नाव पहिलं घेतलं होतं, हे नाही सांगितलं. तेवढी अक्कल आहे. म्हटलं, "तुला कागद हवाय ना? कागद मी आणून देते. पॉलिसी नंबर शोध."

तो उठला. चहा अर्धा टाकून गेला.

रात्री जेवताना यशवंत: "कशाला डोक्यावर घेतेस? मुलगा आहे तो घरातला."

"घरातला आहे. मेलमधला नाही."

लोणच्याची बरणी त्यांनी स्वतःच उठून आणली.

६ डिसेंबर

दरवर्षीप्रमाणे दादरला. पांढरी साडी, रांग, सगळं नेहमीसारखं. डोकं मात्र घरी, भांडुपला. बाजूला एक म्हातारी नातवाच्या हातात मोबाईल देऊन म्हणत होती, तूच बघ काय आलंय, मला काय करायचंय. आधी बरं वाटलं बघून. मग नाही वाटलं.

८ डिसेंबर

घाटकोपरच्या विमा ऑफिसात मी आणि संदेश. नंबर काकूंच्या पर्समधल्या कार्डावर मिळाला. आधी म्हणाले, ऑनलाईन काढा. म्हटलं, ऑनलाईनवाली बाई हॉस्पिटलात आहे, म्हणून तर आलो. मग म्हणाले, अर्ज करा. केला. मग म्हणाले, सर जेवायला गेलेत. म्हटलं, जेवू दे बापडे, आम्ही बसतो. बसलो. कॉपी घेऊनच उठलो. हॉस्पिटलात दिली, त्यांनी घेतली. काम झालं.

मला वाटलं, मिटलं.

परत येताना रिक्षात संदेश: "आणि पासवर्ड?"

"कागद मिळाला ना?"

"मिळाला. तरी पण."

कागद नकोच होता त्याला. म्हणजे हवा होता, पण तेवढ्यासाठी नाही. पुढच्या सिग्नलला तोंड बाहेर करून म्हणाला, "आई रोज दुपारी तुझ्याकडे काय करायची?"

"मेल लिहायची."

"कोणाला?"

"माहीत नाही."

"मावशी, मी काय लहान आहे का?"

खरंच माहीत नाही मला! कोणाला पटणार आहे?

११ डिसेंबर

संदेश दारात. आत आला नाही. "आमची किल्ली द्या."

द्या. मला! ज्याचं नाक पुसलंय त्याने मला 'द्या' म्हणावं. खिळ्यावरून काढून हातावर ठेवली.  दार लावून घेतलं आणि रडले. रागाने. दुःख पण होतं, पण राग जास्त.

१५ डिसेंबर

सावंत सेक्रेटरी समजूत घालायला. "मीनाताई, आपण एका सोसायटीत राहतो. उद्या त्या बाईंचं बरंवाईट झालं तर? पोलीस-बिलीस? तुम्ही अडकाल." मग आवाज खाली, "आणि लोक बोलतात. आत काय आहे ते तुम्हाला माहीत आहे म्हणून तुम्ही देत नाही, असं."

म्हटलं, लोकांना सांगा, माहीत नाही म्हणूनच देत नाही. माहीत असतं तर कदाचित दिला असता.

त्यांना कळलं नाही. मला तरी कुठे पूर्ण कळलंय? पण बोलले ते खरं आहे. एकदा बघितलं की मी ठरवणार, हे देण्यासारखं, हे न देण्यासारखं. मी कोण ठरवणारी?

ग्रुपवर कदमबाईंनी 'आपली माणसं कोण ते वेळेला कळतं' असा गुलाबाच्या फुलाचा मेसेज टाकला. खाली अंगठ्यांची रांग. मी पण अंगठा दिला. घ्या.

१९ डिसेंबर

प्रज्ञा येऊन गेली. सगळं ऐकून घेतलं. मग तिच्या पद्धतीने, सरळ: "आई, तुला दिसू शकतो ना तो पासवर्ड?"

"डोळा दाबला तर."

"दाबलास?"

"नाही."

"दाबावासा वाटला?"

"रोज वाटतो."

हसली. मग म्हणाली, "आणि तुला काही झालं तर?" बरोबर विचारलं. काकूंचं काय झालं ते बघतेच आहे मी.

दुपारभर बसून सोय केली. माझ्या मोठ्या वाक्याचा पहिला अर्धा भाग प्रज्ञाला पाठ करायला लावला, दुसरा अर्धा यशवंतना. दोघांनी एकमेकांना सांगायचा नाही. मी गेल्यावर दोघांनी एकत्र बसून उघडायचं. म्हणजे बापलेकीचं भांडण चालू नसेल तरच उघडेल. यशवंत आपला अर्धा भाग दिवसभर पुटपुटत फिरतायत, ओरडले तेव्हा थांबले.

पण काकूंचा त्यात नाही. काकूंची तिजोरी वेगळी केली. न बघता हलवता येतो, कॉपी करायचा आणि तिकडे टाकायचा, ठिपके ते ठिपके. तिचं वाक्य वेगळं, आणि ते कोणालाच दिलं नाही. मी उद्या पडले तर काकूंचं बंद ते बंद. प्रज्ञा म्हणाली, "हे चूक आहे, आई." असेल. पण काकूंनी 'मीनाकडे आणि मीनाच्या लेकीकडे' असं म्हटलं नव्हतं.

२६ डिसेंबर

काकूंना घरी आणलं. मला कोणी कळवलं नाही. लिफ्टपाशी स्ट्रेचरचा आवाज आला म्हणून कळलं.

संध्याकाळी गेले. बेल वाजवून गेले, आयुष्यात पहिल्यांदा. सुनेने दार उघडलं, बाजूला झाली. काकू पलंगावर, बारीक झाल्यात, तोंड जरा वाकडं. मला बघून डोळे भरले. डावा हात पुढे केला, मी धरला.

संदेश आतून आला. सगळ्यांसमोर, मोठ्याने: "आई, तुझा पासवर्ड मावशीकडे आहे. मला देऊ दे ना?"

काकूंनी मान हलवली. हो.

"बघितलंत?"

मी वाकून विचारलं, "काकू, कोणाला देऊ नको ना?"

मान हलवली. हो.

 मग संदेशने विचारलं, "आई, तुझं नाव मीना आहे का?" हो. काकूंना बोलायला शिकवणारी बाई तिथेच होती, ती म्हणाली, अजून मान भरवशाची नाही, हो-नाही नीट यायला वेळ लागेल, असं विचारून त्यांना दमवू नका. संदेश गॅलरीत गेला. त्याची पाठ बघून पहिल्यांदा वाईट वाटलं त्याचं.

४ जानेवारी

संदेश आला, एकटा. आत येऊन बसला, नेहमीच्या जागेवर. कॉम्प्युटरकडे बघत होता.

"मावशी, मी वाईट नाही गं."

"मी म्हटलं का तसं?"

"हॉस्पिटलात त्यांनी विचारलं, आईला काय आवडतं, कशावर बोलल्यावर उत्साह येतो, तसं बोलत राहा. मला एक गोष्ट सांगता आली नाही. मासे म्हटलं. बास. रोज दुपारी इतका वेळ ती इथे बसायची, हसायची म्हणतेस. मला घरात कधी हसताना... म्हणजे हसते, पण असं नाही. मला माझी आईच माहीत नाही असं वाटतंय."

आणि रडला. भला मोठा बाप्या. मी उठून पाठीवर हात ठेवला. काय करणार?

मग डोळे पुसून त्याने अगदी साधं विचारलं. "मला नको देऊस. तू एकटी बघ. काय आहे ते मला सांगू पण नकोस. फक्त एवढंच सांग, काळजीचं काही नाही ना. तिला कसला त्रास होता का. आम्ही काही..."



म्हटलं, उद्या सांगते.

५ जानेवारी

सकाळी यशवंत बाजारात गेल्यावर बसले. काकूंची तिजोरी उघडली. एकच ओळ, ठिपके, बाजूला डोळा. हात माऊसवर.

हे पण लिहून ठेवते: दाबायचं ठरवूनच बसले होते. संदेशचं तोंड डोळ्यासमोरून जात नव्हतं. आणि कोणाला कळणार होतं? काकूंना पण नाही.

मग आठवलं की त्या दिवशी ओट्याशी उभी राहून पाठ फिरव, असं मला काकूंनी सांगितलंच नव्हतं. मीच फिरवली होती. त्यांनी ती बघितली आणि मग म्हणाल्या, मग झाला तर.

बंद केलं. कुलूप लावलं. कॉम्प्युटर पण बंद केला, बटणावरून.

संदेशला जाऊन सांगितलं: नाही. मी पण बघणार नाही. "तुझी आई जिवंत आहे. जिवंत माणसाचं आपण चोरून वाचत नाही. काळजीचं आहे का ते तिलाच विचार, ती शिकतेय बोलायला. आणि तोपर्यंत तिला काय आवडतं ते माहीत करून घ्यायचं असेल तर माझ्याबरोबर ये दुपारी, तिच्याजवळ बसू."

"आणि नाहीच बोलली तर?"

 "तरी नाही," म्हटलं आणि आले. 

९ जानेवारी

दुपारी काकूंकडे. आता रोज जाते. सुनेने आज दार उघडंच ठेवलं होतं.

काकूंना मेलचं काही बोलले नाही. मजल्यावरच्या गमती सांगितल्या. कदमबाईंच्या खात्यात कोणीतरी घुसायचा प्रयत्न केला, बँकेचा मेसेज आला. मी पासवर्ड परत केला त्या दिवशी रागाने बदलला होता म्हणून वाचल्या. मला सांगायला आल्या नाहीत, पण आज लिफ्टमध्ये म्हणाल्या, "तो तुमचा मॅनेजर आमच्याकडे बसेल का?" म्हटलं, बसेल. मी शिकवीन. टाईप तुम्ही करायचं.

काकू हसल्या, अर्ध्या तोंडाने.

१४ जानेवारी

संक्रांत. काकूंच्या तोंडाला तिळगूळ लावला, आणि शब्द आला! सगळे धावत आले.

"रव."

म्हणजे थांब. तिळगुळाचा मोठा तुकडा होता, गिळेपर्यंत थांब म्हणत असतील. शिकवणारी बाई खूश, म्हणते, एक आला की रस्ता झाला. दिवसभर तोच शब्द. औषधाला रव, संदेशला रव, टीव्हीला रव. पंखा लावला तरी रव. संदेश चक्क हसत होता. मला म्हणाला, "मावशी, बस ना." आता सगळ्यांसमोर पण 'बस', 'बसा' नाही.

पासवर्डचं त्याने काढलं नाही. पण विसरलेला नाही. मी उठले तेव्हा माझ्याकडे बघितलं त्याने, आणि मी पण.

१८ जानेवारी

काल काकूंना ताप. रात्री डॉक्टर येऊन गेले. छातीत कफ आहे म्हणतात, या वयात जपायला हवं. संदेशच्या तोंडावर भीती. माझ्या पण असणार.

आज दुपारी ताप उतरला. सून स्वयंपाकघरात. मी ठरवूनच गेले होते. जी गोष्ट पहिल्या दिवशी विचारायला हवी होती आणि विचारली नाही, ती आज विचारायची. काकूंनी कोणाला देऊ नको सांगितलं, पण कधीपर्यंत ते ना त्यांनी सांगितलं ना मी विचारलं. दोघींना तेव्हा मरण वगैरे सुचलंच नाही. चहा प्यायचा होता.

वाकून, कानाजवळ: "काकू, तुमचा पासवर्ड माझ्याकडे आहे. कोणाला दिला नाही. मी पण बघितला नाही."

डोळे माझ्यावर. लख्ख.

"तुमच्यानंतर काय करू? संदेशला देऊ? का तसाच बंद राहू दे?"

 ओठ हलले. डाव्या हाताने माझं मनगट धरलं, जोर आहे अजून.

"रव."

दारातून संदेश म्हणाला, "मावशी, ती सगळ्यालाच रव म्हणते." कधी येऊन उभा राहिला होता कोण जाणे. सगळं ऐकलं असणार. आवाजात राग नव्हता. थकलेला होता.

"म्हणू दे. मला म्हणाली ते मी ऐकलं."

"आणि तिला ते म्हणायचंच नसेल तर?"

"तर दुसरा शब्द आल्यावर सांगेल."

तो आत आला, पलंगाच्या पलीकडच्या बाजूला बसला. काकूंनी माझं मनगट सोडलं नव्हतं. त्यांच्याच भाषेत सांगितलं, थांबते म्हणून, मला नीट येत नाही तरी. "रवतंय, काकू."

उद्या परत विचारणार. परवा पण.